घोट्याखालचा प्रश्न

घानातल्या त्या विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात राज्यशास्त्रासाठी म्हणून कुणी येत नसे. शाळा संपली की मुलं अर्जावर पहिली पसंती म्हणून कायदा लिहीत, विद्यापीठ त्यांना राज्यशास्त्र देई. मग सत्ता कुठून येते आणि माणसं ती का मानतात हे ती चार वर्षं शिकत, आणि डोक्यात मात्र पदवीनंतरच्या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची उजळणी चालू असे. कायद्याची इमारत हिरवळीच्या पलीकडेच होती. तिथली मुलं काळे कोट हातावर टाकून जात, आणि इकडची मुलं दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी त्यांच्याकडे बघत.

एसिनाम क्पोदोचा नंबर जवळ आला होता. लेखी परीक्षा ती पास झाली होती. उरली होती मुलाखत, आणि मुलाखतीआधी विभागप्रमुखांचं शिफारसपत्र. पत्राशिवाय मुलाखतीच्या खोलीचं दार उघडत नसे. तिच्या गावी, होहोएला, तिची तासी, म्हणजे वडिलांची बहीण, एवढी वाट बघायला तयार नव्हती. तिने चर्चमध्ये तिला कधीच 'आमची लॉयर एसिनाम' करून टाकलं होतं. मागच्या ईस्टरला एक गृहस्थ जमिनीच्या तंट्याचे कागद घेऊन एसिनामकडे आले होते, आणि तिने ते वाचूनही दाखवले होते, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

अर्जात वजन पडावं म्हणून एसिनामने विद्यार्थी संघटनेच्या न्याय समितीचं अध्यक्षपद घेतलं होतं. हे पद सुखाचं समजलं जाई, कारण न्याय मागायला कुणी येत नसे. समितीत तिघं. त्यातला एक बहिणीच्या साखरपुड्याला अक्राला गेला तो तिकडेच रमला. राहिल्या एसिनाम आणि तिची खोलीतली मैत्रीण रशीदा यकुबू. रशीदा तमालेची. अख्ख्या विभागात कायद्याला न जाणारी बहुधा ती एकटीच. तिला बँकेत जायचं होतं, आणि हे ती उघड सांगायची, त्यामुळे सगळे तिच्याकडे जरा काळजीने बघत.

त्या वर्षी मात्र न्याय मागायला माणूस आला. त्याचं नाव बारिमा क्वार्तेंग.

संघटनेच्या अध्यक्षपदासाठी उभं राहायचं तर आधी छाननी समितीपुढे औपचारिक वेशात हजर व्हावं लागे. ही छाननी देशाच्या निवडणुकीपेक्षा कडक असे. देशाचा अध्यक्ष व्हायला संघटनेच्या गीताचं तिसरं कडवं म्हणून दाखवावं लागत नाही, इथे लागे. बारिमाने कडवं म्हटलं, घटनेतली कलमं सांगितली, मागच्या अध्यक्षांची नावं क्रमाने घेतली. तो कुमासीकडच्या एका छोट्या गावच्या राजाचा भाचा. त्यांच्याकडे गादी भाच्याकडे जाते, त्यामुळे खांद्यावरून वस्त्र घेऊन, पायात राजघराण्यातल्या काळ्या, रुंद, सोनेरी पट्ट्यांच्या वहाणा घालून तो मोठ्या दिमाखात आला होता. वस्त्राला कुणाची हरकत नव्हती. मागचा अध्यक्षही वस्त्र लेवूनच आला होता. पण मागच्या अध्यक्षाने वस्त्राखाली बूट घातले होते. समितीचे अध्यक्ष आणि विभागाचे प्रमुख डॉ. बेकोए टेबलाखाली वाकून बघत म्हणाले, "हे काय आहे?" आणि बारिमा बाद झाला. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं: 'पादत्राण अनौपचारिक.'

मैदानात एकटा प्रॉस्पर दोग्बे उरला. तो एसिनामच्याच भागातला, तिच्यासारखाच एवे जमातीचा, शिवाय तिच्याच शाळेतला. बारिमाने न्याय समितीकडे अपील केलं त्याच दिवशी तासीचा फोन आला.

"आपला मुलगा उभा आहे म्हणे?"

"तासी, ते प्रकरण माझ्यापुढे आहे. मला बोलता येत नाही."

"मी कुठे बोल म्हणतेय? मी फक्त म्हणतेय, आपला मुलगा उभा आहे." मग तिने विचारलं, "आणि ते पत्र आलं का गं सरांचं?"

पत्र आलं नव्हतं. एसिनाम ते मागायला डॉ. बेकोएंच्या खोलीत गेली तेव्हा ते भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. टरफलं एका जुन्या प्रबंधावर पडत होती.

"बस," ते म्हणाले. "त्या वहाणांच्या प्रकरणाबद्दल मी तुला एक शब्दही बोलणार नाही."

"हो, सर."

"न्यायसंस्था स्वतंत्र असते. पहिल्या वर्षी मीच शिकवलंय तुला."

"हो, सर."

"मी फक्त एवढंच म्हणतो की उद्या कुणी पोहायच्या चड्डीत आला तर विभागाने काय करायचं? पण ते तुझं तू बघ." त्यांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. "पत्राचं म्हणशील तर लिहितो. तुझा निर्णय होऊ दे. घाईत लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं."

एसिनाम बाहेर आली तेव्हा रशीदा दाराशी वाच्येची पुडी घेऊन उभी होती. पानात बांधलेला तो भात आणि चवळी दोघींनी आंब्याखालच्या कट्ट्यावर खाल्ली.

"काय म्हणाले?"

"काहीच नाही."

"म्हणजे सगळंच म्हणाले." रशीदाने बोटं चाटली. "हे बघ, निर्णय काय द्यायचा ते आधी ठरव. कारणं मग शोधू. मोठी कोर्टंसुद्धा असंच करतात, हेही बेकोएसरांनीच शिकवलंय. मी तुझ्या बाजूला आहे, जी असेल ती. मला कुणाचं पत्र नकोय."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, पोराला उगाच काढला. आणि मला असंही वाटतं की तू लॉला गेली नाहीस तर तुझी तासी इथे येऊन तळ ठोकेल, आणि खोलीत दोनच पलंग आहेत."

सुनावणी मोठ्या वर्गात झाली. विभागातले झाडून सगळे विद्यार्थी आले, कारण त्या दुपारी तुलनात्मक शासनाचा तास होता. दोन्ही बाजूंचे समर्थक औपचारिकपणाचा निकाल ऐकायला रबरी चपला घालून आले होते. वर्गात त्या चपलांचा चपचप आवाज चालला होता. एसिनामने टेबलावर डस्टर आपटला. घानात न्यायाधीश बाई असली तरी 'माय लॉर्ड'च म्हणतात, आणि तिच्याच वर्गातली पोरं तिला ते म्हणू लागली तेव्हा तिच्या मानेवर उगाच शहारा आला. ते सुख होतं, हे तिला कबूल करावंसं वाटलं नाही.

छाननी समितीची बाजू फ्रेडरिक अंपोन्सा मांडत होता. तो दुसऱ्या वर्षाचा. त्याने पदवीदानाचा झगा कुणाकडून तरी उसना आणला होता. बारिमा स्वतःच स्वतःचा वकील होता. तो तेच वस्त्र, त्याच वहाणा घालून आला होता.

"माय लॉर्ड," बारिमा म्हणाला, "प्रश्न वहाणांचा नाही. प्रश्न वसाहतवादाचा आहे."

"प्रश्न पायांचा आहे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मागच्या अध्यक्षांचं वस्त्र चाललं. माझं वस्त्र चाललं. म्हणजे घोट्यापर्यंत आफ्रिका चालते आणि घोट्याखाली इंग्लंड लागतं. माझा समितीला साधा प्रश्न आहे. सरहद्द नेमकी कुठे आखली? आणि कोणी आखली?"

वर्ग उठून ओरडला. वसाहतवाद हा शब्द त्या वर्गात भुकेल्या पोरांपुढे ताट ठेवल्यासारखा होता. पुढची बरीच मिनिटं तोच खाल्ला गेला. टायचं काय, कोटाचं काय, गोऱ्या न्यायाधीशांचे केसांचे टोप आजही आपल्या कोर्टात कसे, हे सगळं झालं. एका मुलीने उठून सांगितलं की बूट ही मुळात थंड हवेची गरज आहे. त्यावर टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांच्या कपाळावर घाम होता.

फ्रेडरिकने झगा सावरला. "माझे विद्वान मित्र म्हणतात ते क्षणभर मान्य करू. उद्या कुणी अनवाणी आला आणि म्हणाला, आमच्या गावात अनवाणी हाच औपचारिक वेश, तर?"

"तुमच्या गावात असेल," बारिमा म्हणाला.

हशा थांबायला वेळ लागला. एसिनामने पुन्हा डस्टर आपटला आणि खडूची पांढरी धूळ रशीदाच्या हिजाबावर बसली. रशीदाने ती न्यायाच्या गांभीर्याने झटकली.

फ्रेडरिकने उलटतपासणी सुरू केली. "बाहेर जाऊन बूट घालून या, असं समितीने तुम्हाला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"मग का नाही आलात?"

"माझ्यासारख्याच्या पायातून वहाणा उतरवायला सांगणं म्हणजे काय, हे सरांना माहीत आहे. आमच्याकडे राजाला गादीवरून काढतात तेव्हा त्याच्या वहाणा काढून घेतात. पाय जमिनीला लागला की राज्य संपलं." बारिमाने मान उंच केली. "मी दारापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून दारापर्यंत एकदाही पायातून वहाण सोडली नाही."

"तुम्ही राजा आहात?"

"अजून नाही."

"संघटनेचे अध्यक्ष?"

"तेही अजून नाही. म्हणून तर अपिलात आलोय."

एसिनामने दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारला. बाद करण्याचं समितीने आणखी काही कारण दिलं होतं का? फ्रेडरिकने कागद चाळले. नव्हतं. पादत्राण, एवढंच.

निर्णय लिहायला तिला शनिवार-रविवार लागला. बारिमाला बाद ठरवणारं एक वाक्य तिने आधी लिहून पाहिलं: 'औपचारिक वेशाचा अर्थ लावण्याचा अधिकार समितीचा आहे.' वाक्य चांगलं होतं, कायद्यासारखं दिसत होतं, आणि त्याच्या पुढे डॉ. बेकोएंचं पत्र उभं होतं. ते तिने मोठ्याने वाचलं. पलंगावर पाय पसरून पडलेली रशीदा म्हणाली, "छान आहे. माझ्या बँकेला असंच माणूस लागतं." एसिनामने ते खोडलं. का खोडलं हे तिला सांगता आलं नसतं. बहुधा कुणीतरी बघतंय असं वाटलं म्हणून, आणि बघणारी तर फक्त रशीदाच होती.

सोमवारी तिने वाचून दाखवलं: राजघराण्याच्या सोहळ्यात चालणाऱ्या वहाणा विद्यार्थी संघटनेच्या बैठकीत अनौपचारिक ठरू शकत नाहीत. उमेदवाराला परत घ्यावं. रशीदा म्हणाली, "सहमत," आणि घड्याळाकडे पाहिलं.

बारिमाचे लोक नाचत बाहेर पडले. प्रॉस्परच्या लोकांपैकी एकाने एसिनामला गाठून अगदी सभ्यपणे एवे भाषेत विचारलं की घरचे लोक तिला अजून आपली म्हणून ओळखतात का. संध्याकाळी तासीचा फोन आला. कुठलीही बातमी होहोएला वाऱ्यापेक्षा लवकर पोचते.

"आपल्याच पोराला पाडलंस म्हणे."

"पाडलं नाही, तासी. दुसऱ्यालाही उभं राहू दिलं."

"तेच ते." मग जरा हळू आवाजात, "पत्र आलं का गं?"

दुसऱ्या दिवशी डॉ. बेकोएंनी बोलावलं. शेंगा संपल्या होत्या. टरफलं तशीच होती. निर्णयाची प्रत त्यांच्यापुढे होती आणि त्यांनी ती लाल पेनने तपासली होती.

"'तथापि' फार झालेत," ते म्हणाले. "एका पानात किती वेळा तथापि? न्यायाधीशाने एकदा तथापि म्हणावं आणि थांबावं."

"हो, सर."

त्यांनी खणातून बंद पाकीट काढलं. झाकणावर आडवी सही, विभागाचा शिक्का. "हे नेऊन दे. उघडू नकोस. म्हणजे तू उघडणार नाहीसच, पण सांगायचं असतं."

पाकीट हलकं होतं. त्यात एकच कागद असावा असं तिला वाटलं, आणि निम्म्या हिरवळीवर आल्यावर वाटलं, नाही, जाड आहे. रशीदाने ते उजेडाला धरून बघायचा सल्ला दिला. एसिनामने तो मानला नाही, पण पाकीट कायद्याच्या कचेरीत देईपर्यंत ती उन्हाच्या बाजूनेच चालली.

मुलाखतीच्या दिवशी उमेदवार ओळीने बाकांवर बसले होते. अभ्यासगटात सगळ्यांनी 'कायदा का?' या एका प्रश्नाची तालीम केली होती. 'गरिबांना न्याय मिळवून देण्यासाठी' हे उत्तर बाद समजलं जाई, कारण मागच्या वर्षी सगळ्यांनी तेच दिलं होतं आणि पॅनेलमधल्या एका सरांना डुलकी लागली होती. एसिनामने तीन पर्यायी उत्तरं पाठ केली होती.

आत तिघं होते. कायदा शाखेच्या डीनबाई, एक तरुण प्राध्यापक, आणि निवृत्त न्यायमूर्ती जुमो. न्यायमूर्ती म्हातारे, वाळके आणि टाय घट्ट बांधलेले. त्यांच्यापुढे तिचं पाकीट फोडलेलं होतं.

"तुमच्या विभागप्रमुखांनी शिफारसपत्रात एकच वाक्य लिहिलंय," न्यायमूर्ती म्हणाले. "'सोबतचा निर्णय वाचावा आणि उमेदवाराला त्याबद्दल विचारावे.' मी वाचला. तथापि फार आहेत."

"हो, माय लॉर्ड."

"तुम्ही म्हणता, या वहाणा औपचारिक आहेत, कारण राजाच्या सोहळ्यात चालतात. बरोबर. मी तुमच्या बारिमासारखाच अशांती जमातीचा आहे, मला आनंद झाला. आता सांगा, आमच्या सोहळ्यात एखादा माणूस आपल्यापेक्षा मोठ्याला नमस्कार करायला जातो तेव्हा तो काय करतो?"

एसिनाम बोलायला लागली आणि थांबली. तिला माहीत होतं. घानात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. प्रत्येक मयताला, प्रत्येक उत्सवात तिने पाहिलं होतं. माणूस पुढे जातो, खांद्यावरचं वस्त्र खाली उतरवतो आणि वहाणांतून पाय मागे काढतो.

"वहाणांतून पाय काढतो, माय लॉर्ड."

"मग तुमच्या बारिमाने छाननी समितीला नमस्कार करताना काढला? निदान अंगठा?"

"नाही. उलट तो सुनावणीत अभिमानाने म्हणाला की एकदाही पायातून सोडली नाही."

"म्हणजे अनौपचारिकच वागला. वहाणा औपचारिक, माणूस अनौपचारिक. तुम्ही हे विचारलं का नाहीत?"

"सुचलं नाही, माय लॉर्ड."

"तुम्ही वोल्टाकडच्या, एवे. ठीक. पण त्या वर्गात निम्मी मुलं तरी आमची असतील?"

"होती, माय लॉर्ड. पण ती वसाहतवादाबद्दल बोलत होती."

डीनबाईंना ठसका लागला. तरुण प्राध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. अशा माणसांना हसण्यासाठी बहुधा वेगळी वेळ लागते.

"मग निर्णय चुकला?"

पाठ केलेली तिन्ही उत्तरं आता उपयोगाची नव्हती. हो म्हटलं तर तिने चुकीचा निर्णय दिला होता, नाही म्हटलं तर ती म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या तोंडावर त्याच्याच रिवाजाला नाही म्हणत होती.

"नाही, माय लॉर्ड," ती म्हणाली. "समितीने त्याला पादत्राणासाठी बाद केलं, रीतभातीसाठी नाही. नोंदवहीत तेवढंच कारण आहे. शिक्षा एका कारणासाठी द्यायची आणि ते कारण टिकलं नाही की मागाहून दुसरं शोधून तीच शिक्षा ठेवायची, असं करता येणार नाही. त्याला त्या दुसऱ्या कारणाचं उत्तर द्यायची संधीच मिळाली नव्हती. समितीला हवं तर तिने पुन्हा छाननी घ्यावी."

डीनबाईंनी काहीतरी लिहिलं.

"ठीक," न्यायमूर्ती म्हणाले. "आता तुम्ही समितीच्या वकील आहात. याच्या उलट मांडा."

"आत्ता?"

"वकिलाला उद्या मिळत नाही."

आणि एसिनामने मांडलं. ती म्हणाली, जो माणूस रिवाजाच्या आधारावर उभा राहतो त्याने रिवाज अख्खा घ्यावा. मान घ्यायचा आणि झुकायचं सोडायचं, हे चालणार नाही. ती म्हणाली, बारिमाने त्या खोलीत आपला पाय वहाणेतच ठेवून समितीला सांगितलं की इथे माझ्यापेक्षा मोठं कुणी नाही. ज्याला निवडून यायचंय त्याने निवडणाऱ्यांपुढे हे सांगितलं, तर त्याला बाद करायला वेगळं कारण कशाला हवं? 'पादत्राण' या एका शब्दात समितीने सगळा अपमान लिहिलाय, फक्त थोडक्यात लिहिलाय. बोलताना तिचा आवाज खाली आला, हात स्थिर झाले. वाक्यं एकामागून एक अशी येत होती जणू ती तिच्या आत कुठेतरी आधीपासूनच होती. तथापि एकदाही आलं नाही. शेवटाला आली तेव्हा तिला स्वतःलाच वाटलं की खरंच, पोराला बाद करायलाच हवं होतं.

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला. "बस्स," ते म्हणाले. "जा तुम्ही."

'कायदा का?' हे कुणी विचारलंच नाही.

बाहेरच्या बाकावर पुढचा उमेदवार ओठ हलवत बसला होता. त्याने तिची बाही धरली. "ताई, काय विचारतात?"

"वहाणांबद्दल."

त्याने आपल्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

एसिनाम डॉ. बेकोएंना पुन्हा भेटली तेव्हा त्यांनी विचारलं, कशी झाली, ती म्हणाली, बरी, आणि त्यांनी मान हलवली. ते एक वाक्य तिला बुडवायला लिहिलं होतं की तारायला, हे तिने विचारलं नाही. तेही सांगणार नव्हते. राज्यशास्त्राची माणसं आपले हेतू शक्यतो कागदावर ठेवत नाहीत.

निवडणूक झाली. बारिमा जिंकला. प्रॉस्परच्या लोकांनी निकालाविरुद्ध अपील करायचं ठरवलं, पण परीक्षा तोंडावर आल्या आणि अपील तिथेच राहिलं. कायद्याचा निकाल लागला त्या दुपारी रशीदा धावत खोलीत आली आणि बँकेत जाणाऱ्या मुलीला न शोभेल असं ओरडली. एसिनामचं नाव होतं. फोनवर तासी आधी रडली, मग म्हणाली, "मी तर आधीच सांगून टाकलं होतं, आता पुन्हा काय सांगू लोकांना?"

अध्यक्षपदाची सूत्रं घ्यायच्या समारंभाला एसिनाम गेली होती. बारिमा वस्त्र लेवून, त्याच वहाणा घालून उभा होता, आणि पोरं ओळीने त्याचा हात हातात घेत होती. तिची पाळी आली तेव्हा त्याने कमरेत जरा वाकून, अगदी मनापासून म्हटलं, "माय लॉर्ड. अभिनंदन. तुमच्यामुळे मी इथे आहे."

"तुमच्यामुळे मीही."

"म्हणजे?"

"मुलाखतीत तुमच्याबद्दलच विचारलं."

बारिमाचे डोळे मोठे झाले. "काय सांगता! मग तुम्ही काय सांगितलंत?"

"दोन्ही बाजू मांडल्या. आधी तुमची, मग समितीची."

"आणि कुठली जिंकली?"

एसिनामने मागे वळून ओळीकडे पाहिलं. बरीच पोरं अजून हात मिळवायला थांबली होती.

"मला प्रवेश मिळाला," ती म्हणाली, आणि पुढच्याला जागा करून दिली.